एका पाटीखालची दोन बिऱ्हाडं

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा टोरांटोजवळच्या मिसिसागात राहतो आणि मुलगी कॅलगरीत. दोघांनाही तिथलं नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली. दोघंही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मत देतात. तरी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर राजकारण निघालं की भाऊ-बहिणीचं पाच मिनिटंही पटत नाही. ती म्हणते, तेलाच्या पाइपलाइन अडवणाऱ्यांना आधी घरी बसवा. तो म्हणतो, पाइपलाइनचं राहू दे, इथे घरांच्या किमतीबद्दल आणि ट्रम्पच्या आयातकराबद्दल पक्ष नीट बोलत का नाही ते सांग. शेवटी काकूंनी मला विचारलं, “दोघं एकाच पक्षाचे ना? मग भांडतात कशावरून? आणि मतं जास्त पडूनही हा पक्ष हरतो कसा?”

काकूंचे दोन्ही प्रश्न नेमके आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. कॅनडातला उजवा पक्ष समजून घ्यायचा तर त्याचा जाहीरनामा बाजूला ठेवून आधी नकाशा उघडावा लागतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ब्रिटनच्या या विचाराच्या पक्षाला ‘हुजूर पक्ष’ हे छान नाव देऊन ठेवलंय. कॅनडातला पक्ष त्याच कुळातला. पण तिथे ‘हुजूर’ म्हणजे कोण, हे तुम्ही कोणत्या प्रांतात उभे आहात त्यावर ठरतं.

१. सरासरी पाऊस

दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ. २०१९ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३४.३ टक्के मतं पडली आणि लिबरल पक्षाला ३३.१ टक्के. जागा मात्र कॉन्झर्व्हेटिव्हांच्या १२१ आणि लिबरलांच्या १५७. सरकार लिबरलांचं आलं. २०२१ मध्येही तेच झालं: मतांत कॉन्झर्व्हेटिव्ह पुढे, जागांत मागे.

सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस कागदावर चांगला दिसतो, पण त्या सरासरीत महाबळेश्वरचा धो धो पाऊसही असतो आणि माणमधली कोरडी विहीरही. महाबळेश्वरला आणखी हजार मिलिमीटर पडला तर सरासरी वाढेल, माणमधल्या माणसाच्या घागरीत थेंबही वाढणार नाही. मतांचं तसंच आहे. कॅनडात आपल्यासारखीच पद्धत आहे: एका मतदारसंघात एकच खासदार, सर्वांत जास्त मतं ज्याला तो निवडून आला. एका मताने जिंका की पन्नास हजारांनी, जागा एकच. २०१९ मध्ये अल्बर्टात कॉन्झर्व्हेटिव्हांना सुमारे ६९ टक्के मतं पडली आणि ३४ पैकी ३३ जागा मिळाल्या. शेजारच्या सस्कॅचेवानमध्ये सुमारे ६४ टक्के मतं आणि १४ पैकी १४ जागा. जिंकायला चाळीस-पंचेचाळीस टक्के पुरले असते. वरची सगळी मतं भरलेल्या धरणाच्या सांडव्यावरून वाहून गेली.

आता आकड्यांकडे बघा. आजच्या संसदेच्या ३४३ जागांपैकी ओंटारिओच्या १२२ आणि क्वेबेकच्या ७८. म्हणजे पूर्वेकडच्या या दोन प्रांतांतच २०० जागा झाल्या. अल्बर्टाच्या ३७, सस्कॅचेवानच्या १४. बहुमताला १७२ लागतात. अल्बर्टातली एकूण एक जागा जिंकली तरी सत्तेची वाट पूर्वेतूनच जाते.

पण ढग नेमके अल्बर्टावरच का दाटतात? त्यासाठी दीडशे वर्षं मागे जायला हवं.

२. गाय चरते पश्चिमेला

कॅनडा हे संघराज्य १८६७ मध्ये झालं. पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड कॉन्झर्व्हेटिव्ह होते. १८७९ मध्ये त्यांनी जे धोरण आणलं त्याला ‘राष्ट्रीय धोरण’ म्हणतात. त्याचे तीन पाय. परदेशी मालावर भरपूर आयातकर लावून ओंटारिओ आणि क्वेबेकमधले कारखाने वाढवायचे. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत रेल्वे टाकायची. आणि पश्चिमेच्या मोकळ्या गवताळ पठारावर शेतकरी वसवायचे.

पूर्वेच्या कारखानदाराला हे धोरण वरदान वाटलं. पश्चिमेच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. कापणीचं यंत्र घ्यायचं तर सीमेपलीकडचं स्वस्त अमेरिकी यंत्र आयातकरामुळे महाग, म्हणून ओंटारिओचं घ्यायचं. गहू मात्र जागतिक बाजारातल्या भावाने विकायचा, त्या भावाला कुणाचं संरक्षण नाही. मधल्या रेल्वेचं भाडं कंपनी सांगेल ते. घेतानाही पूर्वेला पैसे आणि विकतानाही पूर्वेला पैसे.

१९१५ मध्ये पश्चिमेतल्या धान्य उत्पादकांच्या साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. कॅनडाच्या नकाशावर एक मोठी गाय उभी आहे. तिचं तोंड पश्चिमेला. तिथले शेतकरी तिला चारा घालतायत. कास मात्र पूर्वेला. तिथे ओटावा, टोरांटो आणि माँट्रियलची मंडळी बादल्या लावून बसली आहेत. शंभराहून अधिक वर्षं झाली, अल्बर्टात हे चित्र आजही दाखवलं जातं. त्या प्रांताच्या मनातलं गाऱ्हाणं इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी मांडल्याचं मला माहीत नाही.

त्यात आणखी एक सल होता. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत १९०५ मध्ये निर्माण झाले, पण जमीन आणि खनिजांवरचा हक्क ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, स्वतःकडे ठेवला. मूळच्या प्रांतांना तो पहिल्यापासून होता. यांना मिळाला १९३० मध्ये. घरात घेतलं, पण कपाटाची किल्ली पंचवीस वर्षं दिली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे सगळं उभं करणारा पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह होता. तेव्हाच्या कॅनडात उजवं असणं म्हणजे ब्रिटिश राजमुकुटावर निष्ठा, परंपरेचा मान आणि देश बांधण्यासाठी पैसा ओतणारं बळकट सरकार. पश्चिमेच्या मातीत जो उजवा विचार उगवला तो याच्या उलट दिशेने: सरकार लहान ठेवा, कर कमी करा, आमच्या व्यवहारात हात घालू नका. आजही तिथे पहिल्या जातीच्या माणसाला ‘रेड टोरी’ म्हणतात. टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह; लाल म्हणजे साम्यवादी नव्हे. सरकारी शाळा, दवाखाने, आधार यांना न घाबरणारा पारंपरिक माणूस. अटलांटिक किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात असे बरेच भेटतील. अल्बर्टातल्या सभेत तेच शब्द बोलले तर लोक उठून जातील.

पश्चिमेचा राग पहिल्यांदा कॉन्झर्व्हेटिव्हांवर निघाला, तो १९२१ मध्ये. शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने साठेक जागा घेतल्या आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना तिसऱ्या क्रमांकावर ढकललं. त्या शेतकऱ्यांना जवळ करण्यासाठी १९४२ मध्ये मॅनिटोबाचे प्रोग्रेसिव्ह प्रीमिअर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, जॉन ब्रॅकन यांना पक्षाने नेता केलं. त्यांच्या आग्रहावरून पक्षाचं नावच बदललं: प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. पुरोगामी पुराणमतवादी! हे नाव ऐकून आपण चमकतो, पण ते विचारांच्या गोंधळातून आलेलं नाही. दोन प्रदेशांच्या सोयरिकीतून आलंय.

३. नोव्हेंबर १८८५ चे नऊ दिवस

आतापर्यंत पूर्व-पश्चिम एवढंच बोललो. पण पूर्वेतही दोन घरं आहेत. क्वेबेक फ्रेंच बोलतं, मूळचं कॅथलिक आहे आणि स्वतःला वेगळं राष्ट्र समजतं. मॅकडोनल्ड यांच्या काळात तिथे कॉन्झर्व्हेटिव्हांचं बस्तान पक्कं होतं. ते कसं उठलं?

७ नोव्हेंबर १८८५ ला ब्रिटिश कोलंबियात क्रेगेलाकी या ठिकाणी रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. मॅकडोनल्ड यांचं स्वप्न पुरं झालं. बरोबर नऊ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, रेजायना गावात लुई रिएल यांना फाशी दिली. रिएल हे मेटी समाजाचे, म्हणजे फ्रेंच आणि आदिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांचे पुढारी. जमिनीच्या हक्कांसाठी त्यांनी सस्कॅचेवान नदीकाठी उठाव केला होता, आणि तो मोडायला सैन्य गेलं ते याच अर्धवट रेल्वेने. ओंटारिओच्या प्रोटेस्टंटांना फाशी हवी होती. क्वेबेकला रिएल आपला माणूस वाटत होता. दयेचे अर्ज गेले, ते फेटाळले गेले.

क्वेबेकने लगेच एका रात्रीत पाठ फिरवली नाही, पण पाया खचला. मग १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची सैन्यभरती आली, तीही कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान रॉबर्ट बॉर्डन यांच्या हातून. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला क्वेबेकमधल्या ६५ पैकी ३ जागा मिळाल्या. चार वर्षांनी एकही नाही.

पुढची चाळीस वर्षं लिबरल बहुतेक काळ राज्य करत राहिले यात त्यांच्या कर्तबगारीचा वाटा असेल, पण क्वेबेक त्यांच्या ओटीत घालण्याचं काम कॉन्झर्व्हेटिव्हांनी स्वतः केलं.

४. तेल आणि कांदा

१३ फेब्रुवारी १९४७ ला एडमंटनजवळच्या लडूक गावी तेल लागलं आणि अल्बर्टाचं नशीब पालटलं. दहा वर्षांनी सस्कॅचेवानचे वकील जॉन डिफेनबेकर पंतप्रधान झाले. पश्चिमेतला, पठारावरचा माणूस कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा चेहरा झाला. १९५८ मध्ये त्यांनी २६५ पैकी २०८ जागा जिंकल्या. क्वेबेकच्या पन्नास त्यांत होत्या, पण पुढच्याच निवडणुकीत त्या चौदांवर आल्या. पश्चिम मात्र तेव्हापासून उजव्या बाजूला चिकटली ती आजतागायत. म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध गाईचं चित्र काढलं, तोच आता गाईच्या तोंडाकडचा झाला.

मग आलं १९८०. त्या वर्षीच्या निवडणुकीत पिअर ट्रूडो यांच्या लिबरलांनी बहुमत मिळवलं: १४७ जागा. त्यांपैकी ७४ एकट्या क्वेबेकमधल्या. ओंटारिओच्या पश्चिमेला किती? दोन, दोन्ही मॅनिटोबात. अल्बर्टाचा एकही माणूस निवडून न आलेल्या सरकारने त्याच ऑक्टोबरमध्ये ‘राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम’ आणला. देशातलं तेल जागतिक भावापेक्षा स्वस्त विकायचं, तेलाच्या उत्पन्नावर केंद्राचा नवा कर, उद्योगात सरकारचा वाटा.

हे नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. लासलगावला कांद्याला भाव चढला की शहरातल्या ग्राहकासाठी निर्यातीवर बंदी किंवा कर येतो. भाव पडला की मात्र कुणी फिरकत नाही. अल्बर्टाने कांद्याच्या जागी तेल अनुभवलं. पुढे जगातच तेलाचे भाव कोसळले, व्याजदर चढले, कॅलगरीत नोकऱ्या गेल्या, घरं बँकांकडे परत गेली. त्यातलं किती सरकारी धोरणामुळे आणि किती बाजारामुळे, यावर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात. अल्बर्टातल्या घराघरांत तो वाद कधीच संपला: दोषी ओटावा. अल्बर्टाला आज ट्रूडो हे आडनाव का खुपतं, ते इथून कळतं. मुलगा जस्टिन पंतप्रधान झाला तेव्हा बापाचा हिशेब अजून चुकता झालेला नव्हता.

५. मुल्रोनींची मोट

मोट बांधायला दोर लागतो. १९८४ मध्ये ब्रायन मुल्रोनी यांच्याकडे तो होता. क्वेबेकमध्ये वाढलेले, फ्रेंच सराईत बोलणारे, आणि आधीच्या सरकारवर पश्चिमेचा राग टिपेला पोहोचलेला. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनी २८२ पैकी २११ जागा जिंकल्या. अल्बर्टातल्या सगळ्या २१. क्वेबेकमधल्या ७५ पैकी ५८. पश्चिमेला हवा होता ओटावाचा हात मागे. क्वेबेकच्या राष्ट्रवाद्यांनाही हवा होता ओटावाचा हात मागे. शत्रू एक, म्हणून सोयरीक जुळली. पण सत्ता आल्यावर ओटावात आपणच बसलेले असतो. मग कुणाला काय द्यायचं हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न पहिल्यांदा उघडा पडला एका कंत्राटावरून. ऑक्टोबर १९८६ मध्ये सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या देखभालीचं काम द्यायचं होतं. विनिपेगच्या कंपनीची निविदा स्वस्त होती आणि तांत्रिक तपासणीतही वरचढ ठरली होती. काम गेलं माँट्रियलच्या कंपनीला. विनिपेग म्हणजे मॅनिटोबाची राजधानी, पश्चिमेचं दार. लिबरलांनी असं केलं असतं तर नेहमीचंच म्हणून लोक चरफडले असते. आपल्याच सरकारने केलं, ते जिव्हारी लागलं. वर्षभरात, त्याच विनिपेगमध्ये, रिफॉर्म पार्टी स्थापन झाली. नेते होते प्रेस्टन मॅनिंग, अल्बर्टाचे पंचवीस वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्या अर्नेस्ट मॅनिंग यांचे चिरंजीव. पक्षाची घोषणा नीट ऐका: ‘पश्चिमेला आत यायचंय.’ बाहेर पडायचंय असं ते म्हणत नव्हते.

दुसरा पदर क्वेबेकचा. क्वेबेकला ‘वेगळा समाज’ म्हणून संविधानात मान्यता देणारा मीच लेक करार मुल्रोनींनी १९८७ मध्ये घडवून आणला. सगळ्या प्रांतांची मंजुरी तीन वर्षांत हवी होती. मॅनिटोबाच्या विधानसभेत ठराव तातडीने घ्यायला एकमत लागत होतं. तिथे एलायजा हार्पर हे ओजी-क्री आदिवासी समाजाचे सदस्य हातात गरुडाचं पीस धरून बसले आणि दर वेळी ‘नाही’ म्हणाले. देशाची नवी घडी बसवताना आदिवासींना कुणी विचारलंच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि ते रास्त होतं. न्यूफाउंडलंडनेही आधी दिलेली मान्यता मागे घेतली. जून १९९० मध्ये करार बारगळला. त्याआधी महिनाभर मुल्रोनींचे मंत्री आणि जुने मित्र लुसिअन बुशार पक्ष सोडून गेले होते. त्यांनी ब्लॉक केबेक्वा हा क्वेबेकच्या स्वातंत्र्याचा पक्ष उभा केला.

एकाच करारावरून क्वेबेक म्हणालं, आम्हाला फसवलं. पश्चिम म्हणाली, यांना सारखं क्वेबेकच दिसतं. दोन्ही बाजूंचा दोर तुटला.

२५ ऑक्टोबर १९९३ ला निकाल लागले. आधीच्या निवडणुकीत १६९ जागा जिंकलेला सत्ताधारी पक्ष दोन जागांवर आला. दोन! पंतप्रधान किम कँपबेल स्वतःही पडल्या. आकडे जवळून बघा. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांना देशभरात १६ टक्के मतं, जागा २. ब्लॉक केबेक्वाला साडेतेरा टक्के मतं, जागा ५४, कारण ती सगळी क्वेबेकमध्ये. रिफॉर्मला १८.७ टक्के मतं, जागा ५२, त्यांपैकी ५१ ओंटारिओच्या पश्चिमेला. पाऊस तेवढाच, पण एका खोऱ्यात पडला तर धरण भरतं आणि देशभर भुरभुरला तर जमीनसुद्धा ओली होत नाही.

६. शंभर मतांचा हिशेब

ओंटारिओत काय झालं ते एका छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, एका मतदारसंघात शंभर मतदार आहेत. ४४ लिबरल, ५६ या ना त्या जातीचे उजवे. सरळ लढत झाली तर उजवा निवडून येईल. आता त्या ५६ पैकी २९ जणांनी रिफॉर्मला मत दिलं आणि २७ जणांनी जुन्या पक्षाला. निकाल: लिबरल ४४, रिफॉर्म २९, जुना पक्ष २७. लिबरल पंधरा मतांनी विजयी.

प्रत्यक्षात १९९७ मध्ये ओंटारिओत लिबरलांना जेमतेम निम्मी मतं पडली. रिफॉर्मला १९ टक्के आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनाही जवळपास तितकीच. १०३ पैकी १०१ जागा लिबरलांच्या. रिफॉर्मला तिथे शून्य. त्या निवडणुकीत रिफॉर्मने एक जाहिरात केली होती: क्वेबेकच्या नेत्यांचे चेहरे दाखवून, आता बाहेरच्यांचाही आवाज ऐका, अशा अर्थाची. कॅलगरीत ती रुचली. ओंटारिओतल्या मध्यम वृत्तीच्या मतदाराला तिच्यात देश फोडण्याचा वास आला. पश्चिमेच्या पक्षाला पश्चिमेची भाषा बोलावीच लागते, आणि ती बोलली की पूर्वेचं दार बंद होतं. यात उमेदवारांचा दोष कमी, जागेचा जास्त.

२००० मध्ये रिफॉर्मने नाव बदललं, कनेडियन अलायन्स झालं, नेता बदलला. ओंटारिओत मिळाल्या दोन जागा. मग मात्र दोन्हीकडच्यांना हिशेब कळला.

७. पन्नास सदस्य आणि पाच हजार सदस्य

डिसेंबर २००३ मध्ये अलायन्स आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह एक झाले आणि आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जन्माला आला. ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द गळला, यावरून कोण कुणात विलीन झालं ते कळतं. जुन्या पक्षाचे ज्येष्ठ, माजी पंतप्रधान जो क्लार्क तर नव्या पक्षात आलेच नाहीत. तरी पूर्वेच्या लोकांनी एक अट घालून घेतली, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा, आणि बाहेर सर्वांत कमी माहीत असलेला, भाग आहे.

अट नेता निवडण्याची होती. अलायन्सचे सदस्य पश्चिमेत ढिगाने होते. एक सदस्य एक मत असं ठेवलं असतं तर नेता कायम अल्बर्टानेच ठरवला असता. म्हणून ठरलं: प्रत्येक मतदारसंघाला शंभर गुण. तिथल्या सदस्यांच्या मतांच्या प्रमाणात ते उमेदवारांना वाटायचे. समजा, कॅलगरीतल्या एका मतदारसंघात पाच हजार सदस्य आहेत आणि क्वेबेकमधल्या एका मतदारसंघात पन्नास. दोन्हीकडे गुण शंभरच. म्हणजे क्वेबेकमधल्या एका सदस्याचं वजन कॅलगरीतल्या शंभर सदस्यांइतकं. कॅलगरीच्या माणसाला हा अन्याय वाटेल. पण ज्या पक्षाला पूर्वेत जागा हव्यात, त्याच्या नेत्याला पूर्वेची मर्जी राखायला भाग पाडणारी दुसरी सोपी युक्ती कुणाला सुचलेली नाही. (२०२२ च्या नेतेनिवडीत नियम थोडा आवळलेला होता: जिथे शंभराहून कमी मतं पडतील तिथे जितकी मतं तितकेच गुण.)

या नियमाचं बळ २०१७ मध्ये दिसलं. मॅक्सिम बर्निए, क्वेबेकचेच खासदार, मुक्त बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी दुधाच्या कोट्याला हात घातला. कॅनडात दूध, अंडी, कोंबडी किती उत्पादन करायचं आणि आयात कितीने रोखायची हे कायद्याने ठरतं. दुधाचे सर्वाधिक गोठे क्वेबेक आणि ओंटारिओत आहेत. लहान सरकार हवं म्हणणाऱ्या पक्षात हा कोटा बसतच नाही. तरी तो मोडू असं म्हणणारा नेता पक्षाने निवडला नाही. दुग्ध उत्पादकांनी हजारोंनी सदस्यत्व घेतलं. तेराव्या फेरीत बर्निए ४९.०५ विरुद्ध ५०.९५ टक्क्यांनी हरले, आणि त्यांचा स्वतःचा बोस मतदारसंघसुद्धा विरोधात गेला. जिंकले ते सस्कॅचेवानचे खासदार अँड्र्यू शीर. नंतर पत्रकारांच्या भोजनसमारंभात शीर यांनी दुधाचा खोका हातात घेऊन सगळ्यांसमोर घोट घेतला. पश्चिमेचा नेता, पूर्वेचं दूध: शंभर गुणांच्या नियमाने काय घडवलं ते सगळं त्या घोटात होतं.

स्टीव्हन हार्पर हे या नव्या पक्षाचे पहिले निवडून आलेले नेते आणि २००६ ते २०१५ पंतप्रधान. २००१ मध्ये याच हार्पर यांनी अल्बर्टाच्या मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र लिहून स्वतंत्र पेन्शन योजना, स्वतंत्र पोलीस आणि स्वतःची करवसुली मागितली होती. २००६ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर, त्यांनीच संसदेत ठराव मांडला: केबेक्वा लोक हे अखंड कॅनडातलं एक राष्ट्र आहेत. माणूस तोच. खुर्ची कॅलगरीतून ओटावात आली की बोलणं बदलतं, बदलावंच लागतं.

८. ब्रॅम्प्टनची वाट

क्वेबेक पुरेसं येत नाही म्हटल्यावर हार्पर यांनी तिसरं खोरं शोधलं: टोरांटोभोवतीची उपनगरं. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मारखम. पंजाबी, तमिळ, गुजराती, चिनी, आणि आपली मराठी माणसंही. छोटे धंदे, घराचं कर्ज, मुलांच्या शिक्षणाचा ध्यास, देवधर्म आणि कुटुंब. ही माणसं स्वभावानेच जुन्या वळणाची, मग लिबरलांना मत का देतात, असा प्रश्न मंत्री जेसन केनी यांना पडला. ते वर्षानुवर्षं गुरुद्वारांत, मंदिरांत, लग्नसमारंभांत जात राहिले. २०११ मध्ये पक्षाला ओंटारिओत १०६ पैकी ७३ जागा मिळाल्या, आणि क्वेबेकमध्ये फक्त पाच असूनही एकूण १६६ जागांचं बहुमत आलं.

२०१५ मध्ये तीच वाट बुजली. नागरिकत्वाच्या शपथेवेळी चेहरा झाकणारा नकाब नको, ‘रानटी प्रथां’ची तक्रार करायला फोन-लाइन हवी, असा प्रचार पक्षाने केला. क्वेबेकमध्ये, जिथे धर्म सार्वजनिक जीवनाबाहेर ठेवण्याचा आग्रह मोठा आहे, जागा पाचवरून बारा झाल्या. ब्रॅम्प्टन हातचं गेलं. नकाब न वापरणाऱ्या शीख आणि हिंदू कुटुंबांनीही विचार केला: आज त्यांची पाळी, उद्या आमची. एका खोऱ्यात पाणी सोडलं की दुसरं आटतं, ते असं.

काकूंच्या मुलाने तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या पक्षाला मत दिलं. बहिणीला ते अजून पटलेलं नाही.

९. २०२५

मार्च २०२१ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ‘हवामानबदल खरा आहे’ हे वाक्य धोरणात घालायचा प्रस्ताव आला. ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी तो पडला. नेते एरिन ओटूल ओंटारिओचे. पूर्वेची मतं मिळवण्यासाठी त्यांनी तरीही कार्बनवर किंमत लावायचं वचन दिलं. निवडणूक हरले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्याच खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना हटवलं. त्यांच्या जागी पिएर पॉलिएव्ह आले.

२०२४ च्या अखेरीस ट्रम्प यांनी आयातकराची धमकी दिली आणि कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणू लागले. ओंटारिओच्या मोटारी आणि पोलाद संकटात. तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डग फोर्ड अमेरिकेला ठणकावू लागले आणि त्यावर निवडणूक मोठ्या फरकाने जिंकले. अल्बर्टाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी प्रांतांच्या संयुक्त निवेदनावर सही करायला नकार दिला, कारण उत्तर म्हणून तेलाची निर्यात रोखायची वेळ आली तर किंमत मोजणार होता तो अल्बर्टा. दोघंही आपापल्या लोकांशी प्रामाणिक होते. मध्ये सापडले पॉलिएव्ह.

एप्रिलमध्ये पक्षाला ४१.३ टक्के मतं पडली. एकत्र आल्यापासून इतकी कधीच पडली नव्हती. जागा १४४. लिबरलांना १६९ आणि सरकार मार्क कार्नी यांचं. अल्बर्टात कॉन्झर्व्हेटिव्हांनी ३७ पैकी ३४ जिंकल्या. त्यानंतर तिथे वेगळं होण्याची भाषा पुन्हा उठली आणि स्मिथ सरकारने नागरिकांच्या अर्जावरून सार्वमत घेण्याची अट सैल केली.

कार्नी वाढले अल्बर्टातल्या एडमंटनमध्ये, निवडून आले ओटावाच्या नेपीनमधून. पॉलिएव्ह जन्मले आणि वाढले अल्बर्टातल्या कॅलगरीत, आणि २००४ पासून ओटावाच्याच परिसरातून खासदार होते. २०२५ मध्ये तिथे ते पडले. अल्बर्टातल्या एका खासदाराने त्यांच्यासाठी जागा रिकामी केली. बॅटल रिव्हर–क्रोफुट हा मतदारसंघ, गहू, गुरं आणि तेलविहिरींचा. ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत तिथून ते सुमारे ८० टक्के मतं मिळवून संसदेत परतले.